नायक यशवंत घाडगे

इटलीच्या मध्यभागीं, उंब्रिया प्रांतांत, मोन्तोने नांवाचें एक लहानसें गांव टेकडीच्या माथ्यावर वसलेलें आहे. जुना तट, अरुंद चढणीच्या गल्ल्या आणि खालीं टायबर नदीचें खोरें. हीच नदी पुढें रोम शहरांतून वाहत जाते. या गांवांत सन २०२३ च्या जुलै महिन्यांत एका छायायंत्राचें, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या घड्याळाचें, अनावरण झालें. त्यावर लॅटिन भाषेंत एक वचन आहे. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, असा त्याचा आशय. हें यंत्र ज्याच्या नांवानें उभारलें, तो कोणी रोमन सेनापति नव्हता कीं इटलीचा साधुपुरुष नव्हता. तो कोंकणांतील माणगांव तालुक्यांतल्या पळसगांवचा बावीस वर्षांचा शिपाई होता. नायक यशवंत घाडगे हें त्याचें नांव.

यशवंताचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. ज्यास आज रायगड जिल्हा म्हणतात, त्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख पाहावयास रम्य, पण पोटास तोकडा. पावसाळ्यांत भाताचें एक पीक, वरकस जमिनींत थोडी नाचणी-वरी, आणि मग आठ महिने कोरडे. कर्त्या पुरुषापुढें वाटा दोनच. एक मुंबईच्या गिरणीची, दुसरी पलटणीची. घरीं दरमहा येणारी मनिऑर्डर आणि म्हातारपणीं मिळणारें पेन्शन या दोन गोष्टींनीं कोंकणांतील किती चुली पेटत्या ठेवल्या, याचा हिशेब कोणत्याही इतिहासग्रंथांत सांपडत नाहीं. पलटणींत जाणें म्हणजे केवळ शौर्याची हौस, असें समजणाऱ्यांनीं वैशाखांतलें कोंकणी शेत एकदां पाहावें.

यशवंत ज्या पलटणींत दाखल झाला ती पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. रेजिमेंटचें ठाणें बेळगांवास. पहिल्या महायुद्धांत हीच पलटण ११० क्रमांकाची मराठा पलटण म्हणून ओळखली जाई. मेसोपोटेमियांत कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत ती सांपडली आणि एप्रिल १९१६ मध्यें उपासमारीनें हैराण होऊन इतर सैन्याबरोबर शत्रूच्या कैदेंत गेली. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालीं एरिट्रियांतील केरेनच्या उभ्या कड्यांवर इटालियन सैन्याशीं झालेल्या लढाईंत तिनें मोठें नांव मिळविलें. शिवछत्रपतींच्या जयजयकाराची रणगर्जना रेजिमेंटनें तेथेंच उचलली, असें रेजिमेंटच्या परंपरेंत सांगतात. तेव्हां पलटणीचा कमांडर डेनिस रीड नांवाचा अधिकारी होता. पुढें तो आफ्रिकेच्या वाळवंटांत शत्रूच्या हातीं सांपडला, इटलींत कैदेंत राहिला, तेथून निसटला, आणि १९४४ मध्यें त्याच इटलींत दहाव्या हिंदी डिव्हिजनचा सेनापति होऊन आला. त्याची जुनी मराठा पलटण या डिव्हिजनमध्येंच होती. युद्धांत असे योग घडून येतात.

४ जून १९४४ रोजीं रोम पडलें. पण दोनच दिवसांनीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचें सैन्य उतरलें आणि साऱ्या जगाचे डोळे फ्रान्सकडे वळले. इटलींतील लढाई मात्र संपलेली नव्हती. उत्तरेकडे पर्वतराजींत जर्मन सैन्य गॉथिक रेषा नांवाची तटबंदी उभारीत होतें, आणि ती पुरी होईपर्यंत वेळ काढणें हें त्याच्या पिछाडीच्या तुकड्यांचें काम होतें. एखादी टेकडी निवडावयाची, तिच्यावर दोनचार मशीनगना रोवावयाच्या, रस्त्यांत सुरुंग पेरावयाचे, पूल उडवून द्यावयाचे, आणि समोरच्या सैन्यानें पुष्कळ रक्त सांडून ती टेकडी घेतली कीं मागच्या टेकडीवर जाऊन बसावयाचें. दहावी डिव्हिजन टायबरच्या वरच्या खोऱ्यांत अशी एकेक टेकडी घेत पुढें सरकत होती. अशा चढाया वर्तमानपत्रांत येत नाहींत. आल्या तरी एका ओळींत येतात.

१० जुलै १९४४ रोजीं तिसऱ्या मराठा पलटणीच्या एका कंपनीनें अशाच एका बळकट ठाण्यावर हल्ला केला. यशवंत नायक होता, म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख. सेक्शन म्हणजे जेमतेम दहा माणसें. एका ओळींत जेवायला बसावीं इतकीं, एकमेकांच्या घरच्या पत्रांतला मजकूर ठाऊक असलेलीं. या सेक्शनवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. कोणी ठार झाले, कोणी जबर जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा यशवंत.

येथें त्याला जमिनीस चिकटून राहतां आलें असतें. मागच्या तुकडीची वाट पाहतां आली असती, आणि त्याबद्दल त्यास कोणींही दोष दिला नसता. आपल्याबरोबर यावयास आतां कोणी उरलें नाहीं हें पुरतें जाणून तो क्षणाचाही विलंब न लावतां मशीनगनवर धांवून गेला. प्रथम त्यानें हातबाँब फेंकला. त्यानें मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी झालीं. मग टॉमीगननें त्यानें आणखी एकास टिपलें. तेवढ्यांत गोळ्या संपल्या. दुसरें मॅगझीन चढविण्यास वेळ नव्हता. तेव्हां त्यानें तीच बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या घावांनीं ठार केलें. ठाणें हातीं आलें. पण आसपास दडून बसलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत व पाठींत लागल्या, आणि जें ठाणें त्यानें एकट्यानें जिंकलें होतें त्याच ठाण्यांत त्यानें प्राण सोडला.

एवढीच हकीकत. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्यें ती थोडक्या वाक्यांत छापलेली आहे, आणि आज यशवंताच्या त्या दिवसाबद्दल जें ठाऊक आहे तें बहुतेक तिच्यांतूनच. त्यास गाण्याची आवड होती कीं कुस्तीची, तो रागीट होता कीं शांत, यांतलें कांहींही सरकारी कागदांत नाहीं. गॅझेटला मनुष्य लागत नाहीं, कृत्य लागतें. आणि कृत्याचीही एक बाजू त्यांत मुकी राहते. बंदुकीच्या घावांखालीं मेलेले ते दोघेही कोणाचे तरी मुलगे असले पाहिजेत. शौर्याचें वर्णन करतांना ही गोष्ट झांकून ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु ती सांगितल्यानें यशवंताचें शौर्य उणें होत नाहीं. हातघाईची लढाई म्हणजे काय, तें मात्र कळतें.

त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. हें पदक १८५६ मध्यें सुरू झालें, पण हिंदी शिपायास तें मिळण्याची मुभा १९११ च्या दिल्ली दरबारापर्यंत नव्हती. इटलीच्या साऱ्या मोहिमेंत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यांपैकीं सहा हिंदी सैन्यांतील शिपायांना, नेपाळच्या गुरख्यांसह. त्या सहांत मराठा रेजिमेंटचे दोघे. दुसरा नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यांतल्या निमजचा. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं त्यानें जखमी सोबत्यांना वाचविलें, शत्रूच्या मशीनगना बंद पाडल्या, आणि तोफांच्या माऱ्यांत बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना बोलाविलें. नामदेव जगला, घरीं परतला, १९८४ पर्यंत त्याला आयुष्य लाभलें. यशवंताचें पदक घेण्यासाठीं १९४५ मध्यें त्याची तरुण पत्नी दिल्लीस गेली आणि व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून तिनें तें स्वीकारलें. कोंकणांतल्या खेड्यांतून लाल किल्ल्याच्या शहरापर्यंतचा हा प्रवास तिला कोणत्या कारणानें घडला, हें मनांत आणलें म्हणजे त्या समारंभाचें वैभव डोळ्यांसमोरून नाहींसें होतें.

यापुढें एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून यशवंताचें स्मरण करणें अप्रामाणिकपणाचें होईल. तो कोणासाठीं लढला? ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉयनें हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें परस्पर जाहीर केलें. देशाच्या पुढाऱ्यांना विचारण्याची तसदी घेतली नाहीं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळें बाहेर पडलीं. ऑगस्ट १९४२ मध्यें गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ज्या शेतकरी समाजांतून सरकारची मराठा पलटण भरत होती, त्याच समाजांतून साताऱ्याकडे नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते उभे राहत होते. स्वातंत्र्यानंतर गौरव झाला तो स्वाभाविकपणें दुसऱ्यांचा. पहिल्यांच्या वांट्यास पुष्कळदां 'भाडोत्री' हा शब्द आला.

हा शब्द न्यायाचा नाहीं. मोन्तोनेच्याच जहागीरदार घराण्यांतला ब्राच्यो हा पंधराव्या शतकांतला नामांकित सेनानी खरा भाडोत्री होता. करार करावा, पैसा घ्यावा आणि फावलें तर मालक बदलावा, हा त्या काळच्या इटालियन सेनानींचा धंदाच होता. यशवंत पगारासाठीं भरती झाला असेल; त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. पण आपला सेक्शन पडल्यावर एकट्यानें पुढें जाण्याचा पगार कोणी देत नाहीं. उलट, तो स्वातंत्र्यासाठीं मेला असें आज सांगणें हेंही त्याच्यावर आपल्या पदरचा अर्थ लादणेंच आहे. त्याच्या मरणानें ज्यांची गुलामी संपण्यास मदत झाली, ते उंब्रियांतले शेतकरी. नाझी सैन्य त्यांच्या अंगणांतून हटलें, म्हणून त्यांच्या नातवंडांनीं एका परदेशी शिपायाचें नांव दगडावर कोरलें. त्यांनीं हा प्रश्न फार न घोळतां सोडविला.

इटलींत त्याची कबर नाहीं. ज्यांना कबर नाहीं अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें कॅसिनोच्या स्मारकावर आहेत, त्यांत त्याचें एक. त्याची तिसरी पलटण पुढें छत्रीधारी झाली, १९५२ मध्यें पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून नांदूं लागली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजीं पूर्व बंगालमध्यें टांगाइलजवळ आकाशांतून उतरली. त्या युद्धांत उतरलेल्या तरुणांपैकीं बहुतेकांचा जन्म यशवंत मेल्यानंतरचा.

माणगांवास तहसील कचेरीच्या आवारांत त्याचा पुतळा आहे. सात-बाराचे उतारे आणि दाखले काढण्यासाठीं आसपासच्या वाड्यांवरून माणसें तेथें येतात, आणि काम होईपर्यंत बाहेर उभीं राहतात.