शंकूला घातलेला लगाम

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, काहींचे तरुणपणीच पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. १८५४ साली जॉन नॉटिंगहॅम याने हा विकार नीट वर्णिला. १८८८ मध्ये फिकने डोळ्यावर बसणारे काचेचे भिंग काढले. पण भिंगाने शंकूची वाढ थांबेना. १९०५ मध्ये झिर्मने पहिले पारपटलरोपण यशस्वी केले; त्याला मात्र दात्याचा डोळा लागतो.

रोग जागीच थोपविण्याची वाट ड्रेस्डेनच्या संशोधकांनी दाखविली. २००३ मध्ये त्यांनी २३ डोळ्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला: रिबोफ्लेविनचे थेंब आणि अर्धा तास अतिनील किरण. रूळ सरकू नयेत म्हणून स्लीपर लागतात, हे कुर्डुवाडीकरांस का सांगावयास हवे? तसेच येथे तंतू तंतूंशी बांधले जातात. गेलेली नजर परत येईलच असे नाही. उरलेली बहुधा टिकते. म्हणून चष्म्याचा नंबर वरचेवर बदलणाऱ्या, डोळे चोळणाऱ्या मुलास नेत्रवैद्याकडे वेळीच न्यावे.