अस्थिव्यंगोपचार : सांघिक पद्धत

हाडे, सांधे व स्नायू यांच्या विकारांवर अस्थिशल्यविशारद, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि कृत्रिम अवयव व पायाला आधार देणारे कॅलिपर तयार करणारे कारागीर यांनी मिळून ठरवलेले व पार पाडलेले उपचार. शस्त्रक्रिया हा त्यातला एक टप्पा असतो. हाड जुळले तरी रुग्णाला पाय टेकता येईना, तर या पद्धतीत उपचार अपुरेच धरले जातात.

भारतात या विचाराला मुंबईत बळ आले ते पोलिओमुळे. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी 1947 मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. त्या संस्थेतून हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय घडले. मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर मराठी घरच्या झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली, पुढे 1958 मध्ये नागपुरातही. त्यांचे काम शल्यविशारदांइतके लोकांच्या स्मरणात नाही, हे खटकते. जेवणे, कपडे घालणे, पुन्हा कामावर जाणे या गोष्टींचे पद्धतशीर शिक्षण रुग्णाला देणारी माणसे त्यांनी तयार केली. त्याआधी, 1944 मध्ये, पुण्यात जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले होते.

म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, की या पद्धतीची खरी गरज कळते. रुग्ण अंथरुणाला खिळला तर फुप्फुसाचा संसर्ग, शय्याव्रण व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो. म्हणून शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच दिवशी त्याला उभे करतात. त्याचा रक्तदाब, मधुमेह, आहार, भ्रम यांकडे वृद्धरोगतज्ज्ञ पाहतो. इंग्लंडमधील हेस्टिंग्जच्या डेव्हास व आयर्विन या डॉक्टरांनी अशा एकत्रित देखभालीचा पाया घातला. पुन्हा हाड मोडू नये म्हणून अस्थिविरळतेवरील औषध घरी जाण्यापूर्वीच ठरलेले बरे. ते राहून जाते तेव्हा बहुधा ते कोणा एकाचे काम म्हणून नेमलेले नसते.

उद्दिष्ट रुग्णाच्या जगण्यावरून ठरवावे लागते. उदाहरणार्थ, काशीच्या मुन्शी घाटावर रोज गंगास्नानाला जाणाऱ्या वृद्धेला सपाट वॉर्डात चालता आले, एवढ्याने तिचे भागत नाही. जिना चढता-उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो, आणि पावसाळ्यानंतर घाटाच्या पायऱ्यांवर गाळ असतो. भौतिकोपचारतज्ज्ञ मांडीचे स्नायू बळकट करून घेतो, काठीची उंची ठरवतो आणि क्रम शिकवतो : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. मांडी घालणे व उकिडवे बसणे यांबाबत शल्यविशारदाने शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट बोलावे. सांधा बदलल्यावर या बैठका बऱ्याचदा टाळाव्या लागतात. तेव्हा पूजेला चौरंग वा खुर्ची, शौचालयात उंच आसन व धरायला कठडा ही तजवीज व्यवसायोपचारतज्ज्ञ घरच्यांशी बोलून करतो.

घरच्या माणसालाही शिकवावे लागते. पायऱ्यांवर त्याने रुग्णाच्या वर उभे राहून हात ओढू नये. चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे दोन्ही वेळा खालच्या बाजूला राहावे.