पैशाची कोथिंबीर, दोन पैशांना

सरका, सरका! मागून पाटीवाला ओरडतोय. तुम्ही दादरच्या भाजीबाजारात आहात, साल १९५७. एप्रिलचं ऊन टाळू भाजतंय. पायाखाली कोबीची पानं चिरडताहेत, नाकात ओल्या गोणपाटाचा आणि घामाचा वास, आणि मागची पिशवी सारखी तुमच्या गुडघ्यावर आदळतेय.

खिशात हात घाला. न बघता एक आणा काढा पाहू. कातरी कडांचं नाणं लागलं? तो आणा असेल, नाहीतर नवे दहा पैसे. चौकोनी लागलं? ती दोन आण्यांची चवली असेल, नाहीतर नवे पाच पैसे. हा नखाएवढा तांबूस मात्र नक्की नया पैसा.

कालपर्यंत रुपयाचे आणे सोळा आणि आण्याचे पैसे चार. पावकी-निमकी घोकलेल्या डोक्याला हा हिशेब झोपेतही जमायचा. आता रुपयाचे नये पैसे शंभर, म्हणजे आण्याचे सव्वासहा. पण पाव पैशाचं नाणं कुठाय? म्हणून सरकारी तक्त्यात एक आण्याचे सहा, दोनाचे बारा, तीनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस.

खमंग वास आला ना? चणेवाल्याकडे वळा. आण्याचे चणे घ्या आणि नवे सहा पैसे द्या. असे चार वेळा घेतलेत तर चोवीस पैसे पडतील. चार आण्यांचे एकदम मागितलेत तर पंचवीस. पटलं? पैसा वाचला, वर चणे गरम!

फार खूश होऊ नका. कोथिंबीरवाल्या मावशींपुढे तुमची हुशारी चालणार नाही. जुन्या एका पैशाची कोथिंबीर हवीय आणि हातात फक्त नवी चिल्लर. जुन्या पैशाचे नवे दीडहून थोडे जास्त होतात, म्हणून तक्ता सांगतो दोन.

"दोन? कालपरवा तर एका पैशाला घेतली!"

"तो पैसा जुना. असला तर टाका की!"

जुनी नाणी चालतातच, पण नेमकी तुमच्याकडे नाहीत. चार दिवस रोज अशी कोथिंबीर घेतलीत तर आठ पैसे, एकदम आण्याची घेतलीत तर सहा. ज्याच्याकडे आणा आहे त्याला स्वस्त. जो रोज पैसा-पैसा करून आणतो, त्यालाच ही महागाई.

शेजारच्या चाळीतल्या चौघींना हे तुमच्याआधी कळलंय. त्यांनी मिळून आण्याची जुडी घेतली, मावशींना सहा पैसे मोजले आणि तिथंच चार वाटे पाडले. वाटे सारखे पडले, पण आता प्रत्येकीकडून दीड-दीड पैसा यायला हवा, आणि अर्ध्या पैशाचं नाणं सरकारनं काढलेलंच नाही. आवाज चढलेत. त्यांनी तुम्हाला शिकलेलं समजून हाक मारायच्या आत निघा इथून!