रिटुक्सिमॅब: एका कुपीची वंशावळ

केमिस्टच्या फ्रिजमधून कुपी निघते, बर्फाच्या पाकिटासोबत थर्मोकोलच्या डब्यात बसते आणि नातेवाइकाच्या मांडीवरून रिक्षाने डे-केअर वॉर्डात पोहोचते. सोबत प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात एमआरआयच्या फिल्म्स, जुने केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं औषध, स्टिरॉइड. मग नर्स कुपीतलं रंगहीन औषध सलाइनमध्ये मिसळते, थेंब अगदी सावकाश सोडते आणि बीपी बघत बघत वेग वाढवते. काही तास असेच जातात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या अनेक भारतीय घरांना साधारण सहा महिन्यांनी येणारा हा दिवस आता पाठ झाला आहे.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनावरच तुटून पडते. एका डोळ्यापुढे धुकं येतं, पाय जड होतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि तेही बहुतेकदा ऐन विशी-तिशीत. औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. त्यामुळे ते परवडलं नाही, तर ते असून नसल्यासारखंच. रिटुक्सिमॅबची ही कुपी आपल्या आवाक्याच्या थोडी जवळ कशी आली, याचा माग काढताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: कुणीतरी दार उघडं ठेवलं, म्हणून ती पुढे सरकली.

पहिलं दार केंब्रिजमधलं. अर्जेंटिनातल्या लष्करी उठावानंतर देश सोडून आलेले सेझार मिलस्टाइन आणि तरुण जर्मन संशोधक जॉर्जेस कोलर यांनी १९७५ मध्ये उंदराच्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संकर घडवला. ही संकरित पेशी मरत नव्हती आणि एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवत राहत होती. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मात्र त्या मूळ तंत्राचं पेटंट निघालं नाही आणि ते जगभरच्या प्रयोगशाळांना खुलं राहिलं.

त्या तंत्रातून पुढे उद्योग उभे राहिले. रिटुक्सिमॅब हे असंच एक प्रतिपिंड, ते अमेरिकेतल्या सॅन डिएगोत घडलं. प्रतिकारशक्तीच्या बी पेशींवरची सीडी-२० ही खूण ओळखणारा भाग उंदराचा, उरलेला माणसाचा, आणि उत्पादन हॅमस्टरच्या पेशींमध्ये. १९९७ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली ती लिम्फोमा या कर्करोगासाठी.

एमएसमध्ये मुख्य दोष टी पेशींचा, असं तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानत. न्यूरॉलॉजिस्ट स्टीफन हाउसर आणि सहकाऱ्यांनी बी पेशींवर बोट ठेवलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अवघे १०४ रुग्ण होते, पण रिटुक्सिमॅब घेतलेल्यांच्या मेंदूतले नवे व्रण झपाट्याने घटलेले दिसले. तरीही एमएसचं औषध म्हणून रिटुक्सिमॅबच्या कंपनीने पुढे आणलं ते त्याचं नवं भावंड, ऑक्रेलिझुमॅब. २०१७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आलं तेव्हा वर्षाची किंमत होती ६५,००० डॉलर.

मधल्या काळात दुसरं दार भारतात उघडलं होतं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी दिली नव्हती, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट मिळे. ही सवलत २००५ मध्ये संपली, पण तोवर देशात औषध बनवणारे हात तयार झाले होते. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटुक्सिमॅबची पहिली प्रतिकृती ‘रेडिटक्स’ जवळपास निम्म्या किमतीत आणली. ती कर्करोगासाठी होती. न्यूरॉलॉजिस्टांनी ती कर्करोगाच्या वॉर्डातून आपल्या वॉर्डात आणली.

पुरावा मात्र बाहेरून आला. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी सार्वजनिक पैशातून एमएसच्या दुसऱ्या एका औषधाशी त्याची तुलना केली. २०२२ मधल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण रिटुक्सिमॅबवर ३ टक्के आणि डायमिथाइल फ्युमरेटवर १६ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीसाठीचा एमएसच्या औषधांचा अर्ज नाकारला होता. रिटुक्सिमॅबचा त्यात पुरेसा विचार झाला नव्हता, हा एक आक्षेप होता. २०२३ मध्ये त्या यादीत एमएससाठीची औषधं पहिल्यांदाच आली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब.

आपल्याकडे त्याआधीची लढाई आजार ओळखण्याची होती. हा थंड देशांचा रोग, असा समज दीर्घकाळ होता. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया आणि इतरांनी पारशी समाजात तो चांगलाच आढळतो हे दाखवलं. १९८५ मध्ये रुग्णांसाठी ‘मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली. मंगळूरच्या पाहणीत लाखामागे आठाच्या आसपास रुग्ण आढळले. तिथल्याच डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने रुग्णांची नोंदवही सुरू केली आणि एमएससारख्याच दिसणाऱ्या एनएमओ या आजाराच्या रक्ततपासणीवर काम केलं. ही तपासणी मोलाची आहे, कारण एमएसवरचं इंटरफेरॉन एनएमओ बळावू शकतं. निदान चुकलं तर स्वस्त औषधही महागात पडतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. रिटुक्सिमॅबच्या मान्यताप्राप्त वापरांत मात्र एमएस नाही, आणि त्याचा भार विम्याचा दावा करणाऱ्या कुटुंबावर येतो. किती कमी मात्रा पुरेल, दोन डोसांत किती अंतर चालेल, जंतुसंसर्गाचा धोका आपल्या हवेत किती, या प्रश्नांवर कुपीची पुढची किंमत ठरणार आहे. आपल्या हवापाण्यातली उत्तरं स्वीडन देणार नाही.

ती उत्तरं आपल्याकडे तयार होत आहेत, रोज, वॉर्डावॉर्डात. सलाइन संपतं, रिकामी कुपी कचऱ्यात जाते आणि पेशंट पिशवी उचलून घरी जातो. त्या पिशवीतले कागद एका सामायिक नोंदवहीत उतरले, तर पुढचं दार आपण उघडू.