इंटरफेरोमीटर : एका लांब शब्दाची फोड

इंग्रजी शब्द मराठीत दोन वाटांनी आले. पहिली वाट कानाची होती. लष्कर, कचेरी आणि रेल्वे यांच्या सहवासात जनरलचा जरनेल, लॉर्डचा लाट आणि स्टेशनचे ठेसन झाले. दुसरी वाट छापील अक्षराची होती. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये प्रसिद्ध झाला, पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला, आणि पुस्तकातून शिकलेला शब्द त्याच्या लेखनाप्रमाणे, प्रत्येक स्वराला पूर्ण न्याय देऊन उच्चारण्याची रीत रूढ झाली.

या दुसऱ्या वाटेने आलेला एक लांब शब्द म्हणजे इंटरफेरोमीटर. जुन्नर तालुक्यात, खोडद येथे, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना एकत्र जोडून ती काम करते आणि अशा जोडणीला इंटरफेरोमीटर, म्हणजे व्यतिकरणमापी, म्हणतात. दोन ठिकाणी पोचलेल्या लहरी एकमेकींत मिसळून त्यांच्यातील फरकावरून मापन करणे हे तिचे तत्त्व आहे.

इंटरफेरोमीटर या शब्दात सहा अवयव आहेत. अवयव म्हणजे एका स्वराभोवती जमलेला, एका दमात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह. मराठी भाषक तो इं-टर-फे-रो-मी-टर असा म्हणतो, इंग्रजी भाषक मात्र इन्-टर्-फर्-ऑम्-इ-टर् असा म्हणून चौथ्या अवयवावर आघात, म्हणजे जोर, देतो. संख्या दोन्हीकडे सारखीच आहे. पण इंग्रजीत आघाताखालचा स्वर ठसठशीत राहतो व शेजारचे स्वर क्षीण होतात, म्हणून 'मीटर' हा घटक ऐकू येईनासा होतो. मराठीत शब्दाचे वजन मुख्यतः लघु-गुरू अक्षरांवर ठरते, आणि संधी सोडवून अर्थाचे तुकडे पाहण्याची व्याकरणाची जुनी शिस्तही पाठीशी असते; त्यामुळे 'मीटर' अखंड राहतो. घरोघरीच्या थर्मामीटरलाही हाच नियम लागू पडतो, कारण इंग्रजीत त्याचा आघात दुसऱ्या अवयवावर असून उच्चार थर्मॉमिटर असा आहे.

मराठी उच्चाराला अशुद्ध ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे, कारण तो शब्दाचा अर्थ उघडा ठेवतो. मात्र महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असताना, लांब शब्दाचे अवयव मोजण्याबरोबरच त्यातील आघाताची जागा दाखवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. स्पेलिंग पाठ केल्याने ती जागा कळत नाही.