‘कॉशसली ऑप्टिमिस्टिक’ हे रशियनमध्ये कसं सांगतात? सावध आशेच्या भाषांतरातले सापळे

शस्त्रक्रिया संपवून डॉक्टर बाहेर येतात आणि इंग्रजीत म्हणतात, ‘वी आर कॉशसली ऑप्टिमिस्टिक.’ समोर उभे असलेले नातेवाईक रशियन बोलणारे असतील, तर हे वाक्य दुभाष्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोहोचतं. दुभाष्याने आशेवर जोर दिला तर नातेवाईक धोका टळला असं समजतात. सावधपणावर जोर दिला तर त्यांचा धीर खचतो. डॉक्टरांना मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगायच्या असतात: चिन्हं चांगली आहेत, पण अजून काही नक्की नाही.

राजनैतिक चर्चा, शेअर बाजाराच्या बातम्या, औषधांच्या चाचण्या अशा अनेक ठिकाणी हा शब्दप्रयोग सतत दिसतो. मराठीत त्याला ‘सावध आशावाद’ म्हणतात. रशियनमध्ये त्यासाठी एक नाही, अनेक पर्याय आहेत आणि त्या प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

इंग्रजीत सावधपणा कुठे लपतो?

इंग्रजीत आशेच्या पायऱ्या आहेत. ‘ऑप्टिमिस्टिक’ म्हणजे चांगलं होईल असा बऱ्यापैकी विश्वास. ‘कॉशसली ऑप्टिमिस्टिक’ त्याच्या एक पायरी खाली. नुसतं ‘होपफुल’ त्याहूनही सौम्य, कारण त्यात अंदाजापेक्षा इच्छा जास्त असते.

बऱ्याचदा सावधपणा छोट्या शब्दांत दडलेला असतो. ‘सो फार, सो गुड’मध्ये तो ‘सो फार’मध्ये आहे: आतापर्यंत ठीक, पुढचं माहीत नाही. ‘इट शुड वर्क’मध्ये तो ‘शुड’मध्ये आहे. भाषांतरात हेच छोटे शब्द सर्वांत आधी गळतात आणि ‘इट शुड वर्क’चं ‘हे चालेल’ होऊन बसतं.

औपचारिक रशियन: दोन विशेषणं

बातम्या आणि निवेदनांच्या रशियनमध्ये दोन जोड्या रुळलेल्या आहेत. पहिली ‘अस्तारोझ्नी अप्तिमीझ्म’, म्हणजे शब्दशः सावध आशावाद. यातल्या विशेषणाचं नातं ‘स्तोरझ’ म्हणजे पहारेकरी या शब्दाशी आहे. आशा आहे, पण दारावर पहारा ठेवून.

दुसरी जोडी ‘झ्देर्झान्नी अप्तिमीझ्म’. तिच्या मुळाशी ‘धरून ठेवणे’ या अर्थाचं क्रियापद आहे. म्हणजे आवरलेला, संयत आशावाद. पहिल्या जोडीत बोलणारा धोक्यावर नजर ठेवून असतो, तर दुसरीत तो स्वतःचा उत्साह आवरतो. धोका खरोखर शिल्लक असेल तिथे पहिली जोडी अधिक नेमकी.

‘येस्त अस्नवानिया नदेयात्सा’ म्हणजे ‘आशा बाळगायला आधार आहे’ हा तिसरा मार्ग. आशेमागे काही पुरावा आहे हे सांगायचं असेल तर तो उपयोगी पडतो. ‘नि इस्क्ल्युचिनो’ म्हणजे ‘शक्यता नाकारता येत नाही’ हा मात्र वेगळा प्रकार. तो चांगल्या आणि वाईट दोन्ही गोष्टींसाठी वापरतात, त्यामुळे त्यात आशा अशी उरत नाही.

घरातलं रशियन: ‘दृष्ट लागू नये’

स्वयंपाकघरात किंवा फोनवर ‘अस्तारोझ्नी अप्तिमीझ्म’ म्हटलं तर बातम्या वाचून दाखवल्यासारखं वाटतं. रोजच्या बोलण्यात लोक ‘पका’ म्हणजे ‘सध्या तरी’ आणि ‘व्रोदे’ म्हणजे ‘असं दिसतंय खरं’ हे शब्द पेरतात. ‘सध्या तरी सगळं ठीक दिसतंय’ एवढं म्हटलं की सावध आशा पोहोचते. ‘बूदिम नदेयात्सा’ म्हणजे ‘आशा करूया’ आणि ‘पझिव्योम, उवीदिम’ म्हणजे ‘जगू तर बघू’ हेही नेहमीचे. मात्र दुसऱ्यात आशेपेक्षा वाट पाहणं जास्त आहे.

इंग्रजी माणूस चांगली बातमी सांगताना ‘टच वुड’ म्हणतो. रशियन माणूस ‘त्फू-त्फू-त्फू’ म्हणत डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करतो आणि वर लाकडावर टकटकही करतो. कारण विचारलं तर सांगतो, ‘दृष्ट लागू नये म्हणून.’ दृष्ट लावण्याचं रशियन क्रियापद ‘ग्लाझ’ म्हणजे डोळा या शब्दापासूनच बनलं आहे. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

व्याकरणातही असाच सारखेपणा आहे. इंग्रजीत ‘वी विल मॅनेज’ म्हणताना कर्ता ‘आम्ही’ असतो. रशियनमध्ये ‘उ नास पलूचित्सा’ म्हणतात, म्हणजे ‘आम्हाला जमेल’. मराठीत ‘जमतं’ ती गोष्ट, तसंच रशियनमध्येही. यश पूर्णपणे आपल्या हातात नाही, ही कबुली वाक्याच्या रचनेतच आहे.

तीन सापळे

पहिला सापळा ‘अवोस’. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘कदाचित’, ‘बहुधा होईल’ असा दिसतो, म्हणून तो सावध आशेसाठी योग्य वाटतो. प्रत्यक्षात ‘अवोस’ म्हणजे तयारी न करता नशिबावर सोडून देणं, म्हणजे सावधपणाच्या अगदी उलट. एखाद्या अभियंत्याच्या तोंडी हा शब्द घातला तर तो बेफिकीर ठरेल.

दुसरा सापळा ‘शुड’. रशियनमध्ये त्यासाठी ‘दोल्झेन’ आणि त्याची रूपं वापरतात. त्यातून अपेक्षाही कळते आणि कर्तव्यही. गाडी पाच वाजता ‘यायला हवी’ म्हटलं तर अंदाज समजतो. पण ‘डॉक्टरांनी यशस्वी व्हायला हवं’ हे वाक्य मागणीसारखं ऐकू येऊ शकतं. अशा वेळी ‘बहुधा जमेल’ अशी रचना सुरक्षित.

तिसरा सापळा दवाखान्यातला. वैद्यकीय रशियनमध्ये ‘अस्तारोझ्नी’ हे विशेषण ‘प्रग्नोझ’ म्हणजे रोगाच्या पुढच्या वाटचालीच्या अंदाजाला लागलं, की अर्थ होतो ‘अजून काही सांगता येत नाही’. त्यात आशावाद नाही. म्हणून सुरुवातीच्या प्रसंगातल्या दुभाष्याने ‘डॉक्टरांचा अंदाज सावध आहे’ असं सांगितलं, तर आशेचा भाग पूर्ण गळून पडेल.

आशा आणि पडताळणी: १९८७ चं उदाहरण

८ डिसेंबर १९८७ रोजी व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांबाबतच्या करारावर सह्या केल्या. त्या वेळी रेगन यांनी एक रशियन म्हण रशियनमध्येच म्हणून दाखवली: ‘दवेर्याय, नो प्रवेर्याय’, म्हणजे ‘विश्वास ठेव, पण पडताळून पाहा’. ही म्हण त्यांना लेखिका सुझॅन मॅसी यांनी शिकवली होती. प्रत्येक भेटीत तुम्ही हेच म्हणता, असं गोर्बाचेव्ह यांनी म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला.

ही म्हण केवळ शोभेची नव्हती. करारात एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्याची तरतूद होती आणि १९९१ पर्यंत दोन्ही बाजूंनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. २०१९ मध्ये अमेरिका बाहेर पडली आणि करार संपुष्टात आला.

म्हणीतलं यमक इंग्रजीत गेलं नाही, पण अर्थ शाबूत राहिला. कारण त्यात आशा आणि सावधपणा यांना स्वतंत्र क्रियापदं आहेत. सावधपणा नुसता सुरात असला की तो भाषांतरात हरवतो.

मग भाषांतर करताना काय करायचं?

आधी तीन प्रश्न विचारावेत. आशा कशामुळे आहे? सावधपणा कशामुळे आहे? आणि ऐकणारा कोण आहे? निवेदनासाठी विशेषणाची जोडी चालते, मित्रासाठी ‘पका’ आणि ‘व्रोदे’ पुरतात, तर रुग्णाच्या घरच्यांसाठी दोन्ही भाग सुटे करून सांगणं उत्तम.

त्या दुभाष्याने डॉक्टरांना एवढंच विचारावं: ‘चांगलं काय दिसतंय आणि कशाची वाट पाहायची आहे?’ उत्तर आलं की ‘शस्त्रक्रिया चांगली झाली, शुद्धीवर येईपर्यंत मात्र खात्री देता येत नाही’, तर हे वाक्य साध्या रशियनमध्ये जसंच्या तसं सांगता येतं. मग नातेवाइकांना आशाही मिळते आणि आज रात्री दवाखान्यातच थांबायचं, हेही कळतं.