दोन घरचा पाहुणा

माहीमहून वांद्र्याला बसने जाताना खाडी कधी लागली आणि कधी संपली, हे हल्ली कळतही नाही. पण १८४० च्या सुमारास हीच खाडी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. इथे रस्ता बांधावा ही मागणी झाली तेव्हा कंपनी सरकारने खर्च करायला नकार दिला. शेवटी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतः दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे लोकांसाठी खुला झाला. आज ज्याला आपण एल. जे. रोड म्हणतो तो लेडी जमशेटजी रोड याच बाईंच्या नावाचा. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल देव जाणे!

आवाबाईंनी पैसे देताना एक अट घातली होती. या रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याकडून सरकारने टोल घ्यायचा नाही. मला त्या देणगीपेक्षाही ही अट मोठी वाटते. पैसे कोण देणार आणि वापरणाऱ्याला काय पडणार, या दोन्ही गोष्टी दगड बसवायच्या आधीच ठरल्या होत्या. आपल्या शहरातल्या पुलांचा पुढचा इतिहास वाचताना हे फार जाणवतं, कारण पुढे नेमकं हेच ठरवायचं राहून गेलं.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण रेल्वेने मुंबईचे उभे तुकडेही केले, हे पाठ्यपुस्तकात नसतं. मुंबई दक्षिणोत्तर लांबट, रूळही दक्षिणोत्तर. त्यामुळे पूर्वेकडची गोदी आणि पश्चिमेकडची वस्ती यांच्यामध्ये लोखंडाची रेघ आली. पुढे दुसऱ्या कंपनीची लाईन आली आणि दोन रेघा झाल्या. गाड्या वाढल्या, फाटकं सारखी बंद राहू लागली, मग रुळांवरून पूल बांधणं आलं. मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल १८६८ चा, हँकॉक पूल १८७९ चा (तो १९२३ साली पुन्हा बांधला), शीवचा पूल १९१२ चा, परळचा एल्फिन्स्टन पूल १९१३ चा, दादरचा टिळक पूल १९२५ चा. नुसती सनावळी वाचली तरी शहर उत्तरेकडे कसं सरकत गेलं ते दिसतं.

नावं बहुतेक साहेबांची. कर्नाक म्हणजे १८३९ ते १८४१ या काळातला मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कर्नाक. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं ते याच्याच कारकिर्दीत. म्हणजे ज्याने आपल्या छत्रपतींना गादीवरून उतरवलं, त्याच्या नावाच्या पुलावरून आपले हमाल दीडशे वर्षं हातगाड्या ओढत होते! पुलाचे दगड मात्र सुरेख होते. इंग्रजी, देवनागरी आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत त्यावर नाव कोरलेलं होतं. ज्या बाजारपेठेसाठी पूल बांधला तिच्या भाषा बांधणाऱ्याला ठाऊक होत्या, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

आता या पुलांची रचना थोडी समजून घेऊ. मला इंजिनिअरिंग येत नाही, पण मुलांना फळ्यावर काढून दाखवावं इतपत ते सोपं आहे. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे भक्कम पाय, मधे लोखंडी तुळया, त्यांवर रस्ता. रुळांच्या वरचा हा मधला भाग रेल्वेच्या हद्दीत येतो. दोन्ही बाजूंना चढण असलेले जे रस्ते पुलाला भिडतात ते महापालिकेचे. कर्नाक पुलाच्या जागी आता जो नवा पूल उभा आहे, त्याची लांबी सव्वातीनशे मीटरच्या आसपास आहे. त्यातला रेल्वेच्या हद्दीतला भाग सुमारे सत्तर मीटर आणि उरलेला पालिकेचा. चालणाऱ्याला मात्र पूल एकच असतो. कुठे रेल्वे संपली आणि कुठे पालिका सुरू झाली, हे त्याच्या पायाला कळत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. हा म्हणतो तिकडे जेवला असेल, तो म्हणतो इकडे जेवला असेल. मुंबईच्या पुलांचं दीडशे वर्षांत हेच झालं.

बांधताना भांडण फारसं नसतं. कोनशिला असते, समारंभ असतो, नाव लागतं. साधारण तत्त्व असं की ज्याला गरज त्याने खर्च करायचा. रेल्वेला जास्त रूळ टाकायचे असतील तर रेल्वेने, पालिकेला रस्ता रुंद करायचा असेल तर पालिकेने. नवीन कामात हे ठीक चालतं. पण पूल नुसता म्हातारा झाला असेल तर? तेव्हा गरज कोणाची? गंज काही कोणाच्या नावावर नसतो.

त्यातून काळ बदलला. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. २०१६ पर्यंत मुंबईची सगळी लोकल २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर आली. इतक्या दाबाची वीज वाहणाऱ्या तारेपासून पुलाचं पोट पुरेसं वर लागतं. वाफेच्या इंजिनाचा धूर बघून ज्याची उंची ठरली होती, तो पूल आता ठेंगणा पडू लागला. हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला त्याचं हे एक मोठं कारण. पाडायला अठरा तासांचा ब्लॉक पुरला. पण नव्या पुलाची एक बाजू वाहतुकीला खुली व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडला. साडेसहा वर्षं! पहिलीत गेलेलं मूल तेवढ्यात प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडलं. मधल्या काळात सँडहर्स्ट रोडजवळची माणसं, त्यांत शाळेतली मुलंही, जीव मुठीत धरून रूळ ओलांडत होती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. नकाशावरून एक रेघ पुसली की जमिनीवर काय होतं, त्याचा हा धडा.

मग ती तीन वर्षं आली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. पाऊस पडत होता, गर्दी पुलावरच थांबली होती. कोणी तरी "फूल गिर गया" म्हणालं, ते लोकांनी "पूल गिर गया" असं ऐकलं आणि पळापळ झाली, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारण्यात गेलेल्या माझ्यासारखीला ती बातमी वाचून कसंसंच झालं. प आणि फ मधला फरक! पण विचार केला तर दोष अक्षराचा नाहीच. पूल पडेल ही भीती लोकांच्या मनात आधीपासून असल्याशिवाय फुलाचा पूल ऐकू येत नाही. त्या जागी बारा मीटर रुंदीचा नवा पादचारी पूल मंजूरही झालेला होता, निविदा तेवढी रेंगाळत होती. अपघातानंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस पूल तयार झाला. जे पाच महिन्यांत होऊ शकत होतं, ते त्याआधी वर्षानुवर्षं का झालं नाही?

३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग सकाळी रुळांवर कोसळला. समोरून येणारी लोकल मोटरमनने वेळेत थांबवली म्हणून मोठा अनर्थ टळला, तरी दोन जीव गेलेच. त्याच दिवशी वाद सुरू झाला. रेल्वे म्हणाली पूल पालिकेचा. पालिका म्हणाली देखभालीचे पैसे आम्ही रेल्वेला देतो. पुढे १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत पडला आणि सात माणसं गेली. तेव्हाही पहिले काही तास पूल कोणाचा यावरच बोलणं चाललं होतं. तो पालिकेचा निघाला. त्याची तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे असा शेरा होता. परीक्षकाने पेपर न वाचता गुण दिले तर पोराचं वर्ष वाया जातं. इथे माणसं गेली.

गोखले पूल पडल्यावर रेल्वे, पालिका आणि आयआयटी यांनी मिळून ४४५ पूल तपासायचं ठरवलं. हे चांगलंच झालं. पण मग एकेक म्हातारा पूल बंद होऊ लागला. कर्नाक पुलावर २०१४ पासूनच जड वाहनांना बंदी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडला आणि १० जुलै २०२५ ला नवा पूल सिंदूर पूल या नावाने सुरू झाला. साडेपाचशे टनांची एकेक तुळई धावत्या रेल्वेमार्गावरून सरकवत नेणं हे मोठंच काम, त्याचं कौतुक करायला हवं. नावावर मात्र जितकी चर्चा झाली, त्याच्या शतांशानेही त्याच्या पुढच्या शंभर वर्षांच्या देखभालीवर झाली नाही.

दोन घरं एकमेकांशी बोलली नाहीत तर काय होतं याचं चित्रच काढायचं असेल तर गोखले पुलाचं काढावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली आणि बघतात तो काय, शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल पूर्वी जिथे त्याला मिळत होता तिथे आता माणसाच्या उंचीएवढी पायरी! रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे नवा पूल उंच झाला, जुना उड्डाणपूल होता तिथेच राहिला. साऱ्या मुंबईने त्याची थट्टा केली. मग जॅक लावून बर्फीवाला पूल एका बाजूने सुमारे १.४ मीटर उचलला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले. गोखले पूल पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला.

आता पाळी आमच्या एल्फिन्स्टन पुलाची. 'आमच्या' म्हणते, कारण माझी सगळी नोकरी परळच्या एका मराठी शाळेत गेली आणि वर्गातली निम्मी पोरं पुलापलीकडून चालत यायची. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की पुलावर मुंगीला वाट नसे. संपानंतर गिरण्या गेल्या, काचेच्या इमारती आल्या, पुलावरची गर्दी काही कमी झाली नाही. कारण पुलाच्या पूर्वेला केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं. पश्चिमेकडच्या माणसाला तिकडे न्यायचं तर वाट हीच. १२ सप्टेंबर २०२५ ला हा पूल बंद झाला. तिथे शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी दुमजली पूल व्हायचा आहे. हा पूल पश्चिम रेल्वेच्याही रुळांवरून जातो आणि मध्य रेल्वेच्याही. वर एमएमआरडीए, महारेल आणि महापालिका. म्हणजे आता पाहुणा पाच घरचा!

एप्रिल २०२५ मध्येच तो बंद होणार होता, पण लोक रस्त्यावर उतरले. पुलाच्या कडेच्या दोन जुन्या इमारती पाडाव्या लागणार होत्या, तिथल्या कुटुंबांना घरं कुठे मिळणार हे स्पष्ट नव्हतं. विकासाला विरोध म्हणून त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. मला ते पटत नाही. पुलाचा खर्च फक्त सिमेंट-लोखंडाचा नसतो. ज्याचं घर जातं, ज्या पेशंटची रुग्णवाहिका लांबच्या वळणाने जाते, तोही खर्च कोणीतरी भरतच असतो. तो अंदाजपत्रकात दिसत नाही इतकंच.

आणि पैसा? पैशाची सोय आपण मधे टोलने करून पाहिली. १९९५ नंतर मुंबईत पंचावन्न उड्डाणपूल बांधायचा बेत झाला आणि त्यासाठी शहराच्या पाच वेशींवर टोल बसला. बावीस-पंचवीस वर्षं लोकांनी तो भरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मीही त्यात आले. पण टोल बंद झाला म्हणून पूल म्हातारे व्हायचे थांबत नाहीत. ते पैसे आता करातून यायला हवेत, आणि कराच्या पैशाला अनेक वाटेकरी असतात. माहीमच्या कॉजवेच्या पलीकडे समुद्रातून २००९ साली सुरू झालेला सी लिंक जातो. तिथे टोल आहे, इथे नाही. दोन्हींमध्ये काही अंतर नाही. एक रस्ता पैसे देणाऱ्यासाठी, दुसरा सगळ्यांसाठी. मला सी लिंकचं वाईट वाटत नाही, पण शहर चालतं ते दुसऱ्या रस्त्यावर.

लोक म्हणतात पैसा नाही म्हणून पूल पडतात. मला तसं वाटत नाही. महाडचा सावित्री पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटी बसगाड्यांसकट वाहून गेला, तेव्हा नवा पूल १६५ दिवसांच्या कामात उभा राहिला. पैसाही मिळाला, माणसंही मिळाली. मुंबईत खाली रेल्वे धावत असते, इथे इतकी घाई जमणार नाही हे मान्य. पण अपघातानंतर सापडणारा पैसा अपघाताआधी कुठे असतो? तो असतोच. फक्त आधी मागायला कोणाचं नाव पुढे नसतं, कारण पूल कोणाचा हेच ठरलेलं नसतं.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. प्रत्येक पुलावर उद्घाटन कोणी केलं याची पाटी असते, ती खुशाल असू द्या. तिच्या खाली आणखी दोन ओळी लिहा. एका ओळीत, हा पूल सांभाळायची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची. दुसरीत, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि पुढची कधी. शाळेतल्या हजेरीपटावरसुद्धा रोज सही लागते, मग ज्यावरून लाखो माणसं जातात त्याच्यावर का नको? एल्फिन्स्टनचा दुमजली पूल होईल तेव्हा मी असेन-नसेन. नाव कोणाचंही द्या बापडे. पण ती खालची ओळ कोरी ठेवू नका.